दारातच राहिलेला सिग्नल

जयवंत, काल तुझ्या घरी जाऊन आले. तू नव्हतास म्हणून आतल्या खोलीपर्यंत जायला मिळालं.

तुझी कॉट भिंतीला उभी करून ठेवलीय. खिडकीत तुझा चष्मा होता, काड्या मिटलेल्या. तुझ्या वहिनींनी चहा दिला. मधुदादा, तुझा थोरला भाऊ, समोर खाटल्यावर बसला आणि बोलता बोलता त्याने एक गोष्ट इतकी सहज सांगितली की माझा कप तोंडाशी तसाच राहिला. त्यावर मी येणारच आहे. पण आधी मला तुझ्याशी भांडू दे, कारण आपलं भांडण अर्धंच राहिलंय आणि आता माझी बाजूच तेवढी शिल्लक आहे.

सगळे म्हणतायत, "सुनंदा, तू लिही त्याच्यावर, तूच त्याला जवळून ओळखायचीस." लिहिते. पण तू कुठे जन्मलास, काय शिकलास हे मी लिहिणार नाही. तू हुशार होतास हेही नाही. ते तुला माहीत होतं, गरजेपेक्षा जरा जास्तच.

वर्तकनगरची आपली ती तळमजल्यावरची जागा आठवते? दोन खोल्या, एक कॉम्प्युटर, म्हणजे आपलं 'मशीन', आणि त्याला जोडलेली सहा टर्मिनल्स. बाहेर पाटी लावली होती तरी कॉलनीतले लोक आपल्याला टायपिंगचा क्लास समजायचे. कोणी फी विचारायला आलं की तू गंभीर चेहऱ्याने म्हणायचास, "सध्या बॅच फुल आहे." आणि माणूस गेल्यावर हसत सुटायचास. डिप्लोमाला आपण एकत्र होतो, पण युनिक्स, ते मशीन चालवणारी प्रणाली, मी तिथे शिकले नाही. ते शिकले तुझ्याकडून, त्या खोलीत, मॅन्युअलच्या फिकट झेरॉक्स प्रतीवरून. जेवताना तू मोठ्याने वाचायचास आणि मध्येच थांबून विचारायचास, "मग? पुढे काय होईल सांग." उत्तर चुकलं की माझ्या डब्यातली पोळी उचलायचास.

तुझ्या आईच्या हातची सुक्या बोंबलाची चटणी मी तिथेच पहिल्यांदा खाल्ली. आमच्या घरी मासा म्हणजे शेजाऱ्यांकडचा वास. वरच्या मजल्यावरच्या मालकीणबाई तक्रार करायला खाली आल्या तर तू त्यांनाही वाटी पुढे केलीस. घर चेंदणी कोळीवाड्यात आणि अक्कल मशीनमध्ये, असं तुझी आई म्हणायची. "या पोराला जरा शिकव गो जगायला," असं मला सांगायची. मी काय शिकवणार? मीच तुझ्याकडे शिकत होते. ते ऋण मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर हा राग सोपा झाला असता.

आपली तीन गिऱ्हाइकं होती. डोंबिवलीच्या रंगांच्या कारखान्याची हजेरी, ठाण्यातलं एक वाचनालय आणि करंदीकर काकूंचं वधू-वर सूचक मंडळ. तिघांची माणसं आपल्याकडे येऊन त्याच मशीनवर बसायची. काकूंची अट एकच होती: "माझ्या मुलींची माहिती परक्या डोळ्यांना दिसता कामा नये." त्यांचं बरोबर होतं. कारखान्याच्या कारकुनाने चुकून एखादी फाइल उघडली असती तर मुलीचं वय, पत्रिका, चष्म्याचा नंबर, मोडलेलं लग्न, सगळं त्याच्यासमोर आलं असतं.

तेव्हा तू त्या बंद खोल्या केल्यास. एकाच मशीनच्या पोटात प्रत्येकाला वेगळा कप्पा. आत बसणाऱ्याला वाटावं की हीच काय ती सगळी दुनिया; भिंतीपलीकडची एक फाइलही त्याला दिसू नये. आज त्याचं कोणाला विशेष वाटणार नाही, पण ठाण्यात तेव्हा असं कोणी करत असल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. मला तुझा अभिमान वाटला होता. तेव्हा बोलले नाही, कारण बोलले असते तर तू आठवडाभर शेफारला असतास.

मग एका संध्याकाळी कारखान्याच्या माणसाने आपलं काम थांबवायचा हुकूम दिला आणि वाचनालयाचा प्रोग्राम बंद पडला. वाचनालयाच्या बाई ओरडल्या. तू हातातला घास टाकून उठलास आणि थोड्या वेळाने आनंदाने टेबलावर थाप मारलीस. चालू प्रोग्रामला बाहेरून सांगायचं असेल की बाबा, आवरतं घे, तर मशीन त्याला सिग्नल पाठवतं. हाकच ती. तुझ्या भिंती फायली अडवत होत्या, हाका अडवत नव्हत्या. प्रोग्राम कोणाचा ते मशीनला सांगणारा मालक-नंबर तू दोन्ही खोल्यांना एकच दिला होतास, म्हणून एका खोलीतली हाक दुसऱ्या खोलीत गेली आणि तिथल्या प्रोग्रामने ती आपल्यालाच आहे असं समजून मान टाकली.

"बघितलंस?" तू म्हणालास. "डोळ्यांना भिंत आहे, कानांना नाही."

"मग आता कानांचं काय करणार?"

"दारात माणूस बसवतो."

आणि तू द्वारपाल लिहिलास. प्रत्येक खोलीला एक. आधी तो उठायचा, खोली झाडायचा, जुन्या फायली काढायचा, मग खऱ्या प्रोग्रामला आत बसवायचा आणि त्याचं काम संपेपर्यंत दारात थांबायचा. बाहेरून कोणालाही काही सांगायचं असेल तर द्वारपालाला सांगायचं. मालक-नंबर वेगळे केलेस तेही चांगलंच केलंस. नाव मोठ्या हौसेने ठेवलं होतंस. जय आणि विजय ठेवूया, असं मी म्हटलं तर म्हणालास, "तीन खोल्या आहेत बाई, तिसरा कुठून आणू?"

काकूंच्या खोलीतला प्रोग्राम माझा होता. प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी, पत्रिकेचे गुण, उंची, अटी, सगळं जुळवून याद्या करायचा. मशीन हळू, डिस्क त्याहून हळू, म्हणून तो दिवसभर चालायचा आणि जुळलेली स्थळं शेवटी एकदमच लिहून काढायचा. मध्येच वीज गेली तर काय, हा प्रश्न मलाही पडला होता. म्हणून मी त्याला शिकवलं होतं की 'आवरतं घे' असा सिग्नल आला की जेवढं झालंय तेवढं ताबडतोब डिस्कवर लिही आणि मगच थांब. मी ते करून बघितलं होतं. तुझ्यासमोर बघितलं होतं. हाक मारली की तो लिहायचा आणि थांबायचा, शहाण्या मुलासारखा.

काकूंच्या वधू-वर मेळाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी वीज गेली. यूपीएसने टीं टीं केलं, तुझ्या व्यवस्थेप्रमाणे सगळ्या द्वारपालांना सिग्नल गेला. आपण दोघं पडद्याकडे बघत उभे. प्रोग्राम थांबेना. बॅटरी उतरत होती. "लिहितोय बहुतेक," तू म्हणालास. तो लिहीत नव्हता. तो मजेत गुण जुळवत होता, कारण त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. मग पडदा काळा झाला आणि दिवसभराची सगळी स्थळं गेली.

मी तुला तिथेच म्हटलं की सिग्नल द्वारपालापाशीच थांबला असणार. आतलं काम चालू असेपर्यंत तो मिळालेली हाक नुसती लक्षात ठेवतो, ते संपल्यावरच हातपाय हलवतो, आणि आत तर सांगतच नाही. "एकदा द्वारपालासकट चालवून बघू." तू म्हणालास, "वेळ नाहीये, सुनंदा. तुझ्या प्रोग्रामने ऐकायला पाहिजे होतं." वेळ नव्हता हे खरं. रात्रीत सगळ्या याद्या पुन्हा होणार नव्हत्याच.

दुसऱ्या दिवशीचा डोंबिवलीचा तो हॉल मी विसरणार नाही. माणसं गच्च भरलेली, मुली साड्या सावरत बसलेल्या, बापांच्या हातात फोटोंची पाकिटं, आणि आपल्याकडे निम्म्याहून कमी याद्या. काकूंनी स्टेजजवळच मला धरलं.

"अगं, याद्या कुठायत? या लोकांना मी काय तोंड दाखवू?"

मी तोंड उघडायच्या आत तू बोललास. "काकू, मशीन ओके आहे. सुनंदाचा प्रोग्राम ऐकत नाही, त्याला कोण काय करणार?"

मागून कोणी एक गृहस्थ म्हणाले, "स्वतःचं जमवलं नाही तिने, लोकांचं काय जमवणार?" पुढच्या दोन-तीन रांगा हसल्या. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. तसलं मी घरीही ऐकत होते. पण मी तुझ्याकडे बघितलं आणि तूही हसत होतास. जयवंत, तू हसलास. बाकी सगळं मी माफ केलंय, हे नाही केलेलं, आणि तू मेलास म्हणून करणारही नाही.

पुढे काकूंनी अट घातली की ती मुलगी आमच्या कामात नको. तू मला म्हणालास, "थोडे दिवस बाजूला राहा, मग बघू." थोडे दिवस म्हणजे किती, हे तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. मी दुसरीकडे नोकरी धरली. माझा डबा, माझी उशी आणि मॅन्युअलच्या झेरॉक्सचा अर्धा गठ्ठा घेऊन निघाले. मालकीणबाईंनी वरून विचारलं, "लग्न ठरलं का?"

तरी आपण बोलत राहिलो. याला काय म्हणायचं ते मला कळत नाही. कधी तू फोन करायचास, कधी मी. सिग्नल, फायली, डिस्क, असल्या गोष्टींवर जीव तोडून भांडायला मला दुसरं कोणी मिळालं नाही आणि तुलाही. तुझ्या आईला वाटायचं आपलं काहीतरी आहे. काही नव्हतं. होतं ते भांडण होतं, आणि ते मला बऱ्याच जणांच्या संसारापेक्षा बरं वाटायचं.

मग एकदा तू बोलावलंस. वाचनालयाचा प्रोग्राम अडकला होता. मी आले, खुर्चीत बसले, आणि काय चाललंय ते बघताना तुझा द्वारपाल उघडला. शेवटच्या ओळीत एक शब्द वाढला होता: एक्झेक. एवढा एकच शब्द. त्याने काय होतं ते तूच मला शिकवलं होतंस. खोली झाडून झाली की द्वारपाल दारात बसून राहत नाही. तो स्वतःच आतला प्रोग्राम होऊन जातो. चालू प्रोग्रामचा नंबर तोच, माणूस बदललेला. मध्ये कोणी उरतच नाही, हाक थेट पोचते. फाइलची तारीख बघितली. मेळाव्यानंतरच्याच आठवड्यातली.

म्हणजे तू बघितलं होतंस. मी गेल्यावर, एकट्याने, द्वारपालासकट चालवून बघितलं होतंस आणि तुला कळलं होतं.

"हे कधी केलंस रे?"

"काय? ते? पहिल्यापासून आहे."

"तारीख बघ."

"मध्ये मशीनची तारीख गंडलेली. चहा घेतेस?"

मी चहा घेतला. आज वाटतं, तो कप तुझ्या टेबलावर आपटायला हवा होता. मला पेढे नको होते, काकूंसमोर माफीही नको होती. 'तुझं बरोबर होतं' एवढंच, तेही कोणी नसताना, त्या दोन खोल्यांत. तुझ्या तोंडून ते निघालं नाही. मीही ठरवलं की एक दिवस तुझ्याकडून ते वदवून घेईनच. तेव्हा वाटायचं, दिवस भरपूर आहेत.

तुझे डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा सगळ्यात आधी मी बोलले होते. "आरशात बघ जरा." तू म्हणालास, "ट्यूबलाइटमुळे वाटतंय तुला." मग भूक गेली, आईच्या चटणीचाही वास नको झाला, पायांवर सूज आली. प्रत्येक वेळी तुझ्याकडे उत्तर तयार. सिग्नल आला तर दुर्लक्ष करायचं अशी सोय प्रोग्रामला असते, तूच शिकवलंस. पण एक नऊ नंबरचा असतो, जागीच मारणारा, त्याच्यापुढे कोणाचं काही चालत नाही, आणि तो यायच्या आधी बाकीचे येऊन गेलेले असतात म्हणून ते ऐकायचे असतात, हेही तूच शिकवलंस. दुसऱ्याला शिकवताना तू फार चांगला होतास.

हॉस्पिटलातून तुला घरी आणल्याचं कळलं त्या दिवसापासून मी फोन करायला लागले. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसातून. फोन बाहेरच्या खोलीत, उचलायचा मधुदादा. "झोपलाय हो ताई." "आत्ताच गोळी दिलीय." "डॉक्टरनी बोलायला नाय सांगितलंय." आणि दर वेळी शेवटी: "सांगतो त्याला, तुमचा फोन आलेला." मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? एकदा घरी आले. वहिनी दारातच भेटल्या. त्यांनी मला ओट्यावर बसवलं, चहा दिला, पापलेट घेऊन जा म्हणाल्या. आतून तुझा खोकला ऐकू येत होता. मध्ये एक पडदा होता फक्त, निळा, त्यावर पिवळी फुलं. मी हाक मारायला हवी होती का? वहिनींच्या चेहऱ्याकडे बघून नाही मारली. आजारी माणसाच्या घरात आरडाओरडा करत नाहीत, एवढं मलाही कळतं.

तुझं उत्तर आलं नाही तेव्हा मला काय वाटलं असेल? वाटलं, साहेब अजून अकडून आहेत. मरतानासुद्धा कबूल करणार नाहीत. रोज फोन खाली ठेवताना मी तुला एक शिवी देत होते, हेही सांगून टाकते.

आता कालचं. मधुदादा खाटल्यावर बसलेला, डोळे सुजलेले. म्हणाला, "शेवटपर्यंत इचारायचा ओ ताई. रोज. सुनंदाचा फोन आला का, सुनंदाचा फोन आला का. मी बोलायचो, नाय आला."

मी विचारलं, "नाही आला, असं का सांगितलंत दादा?"

"तुमचा फोन बोलला की परत मशीन, परत कामाचं टेन्शन. उठून बसायला बघायचा. डॉक्टर बोललेले, डोक्याला ताप नाय द्यायचा. मी सगळं लक्षात ठेवलेलं. म्हटलं, हे दुखणं एकदाचं संपलं की सांगू त्याला सगळं एकदमच."

त्याने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. त्याला वाटत होतं की मला बरं वाटेल: बघा, तो तुमची किती आठवण काढायचा. तुझ्यासाठी तो रात्रंदिवस दारात बसून होता, धंद्यावर गेला नाही, होडी तशीच बांधून ठेवली. त्याच्यावर मी कशी ओरडणार? मी म्हटलं, "हो दादा, बरोबर केलंत." आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

रागवायचंय ते तुझ्यावर. तुला माहीत होतं ना, दारात बसवलेला माणूस हाक आत देत नाही? सबंध ठाण्यात ते कोणाला माहीत असेल तर तुलाच. मग तुला एकदाही शंका कशी आली नाही? 'नाही आला' म्हटल्यावर तू मान्य केलंस. मशीनवर कधी कोणाचं पहिलं उत्तर मान्य केलं नव्हतंस. एकदा तरी ओरडायचंस त्या पडद्याआडून, "दादा, खरं सांग." मी ओट्यावर होते रे त्या दिवशी.

आणि रोज विचारत होतास ते कशासाठी? ते आता मला कधीच कळणार नाही. कदाचित तो एक शब्द कबूल करायचा असेल. कदाचित काकूंच्या खोलीत काहीतरी अडकलं असेल आणि मदत हवी असेल, तेवढंच. खरं सांगू, शेवटी शेवटी मलाही कबुलीजबाब नको होता. 'कसा आहेस' एवढंच विचारायचं होतं.

पण तुला मी ओळखते. अंथरुणात पडल्या पडल्या तू काय ठरवलं असशील तेही ओळखते. सुनंदा रागावलीय. सुनंदाला इतक्या वेळा निरोप गेला असेल, पण ती ऐकत नाही. त्या हॉलमध्ये म्हणालास तेच. तसंच समजून तू गेलास, आणि आता तुझ्याकडून ते दुरुस्त करून घ्यायची कोणतीही सोय माझ्याकडे उरलेली नाही.

याही वेळी तुझं चुकलं, जयवंत. मी फोन करत होते. रोज.